न पाळलेलं गिराण

पाथरीत लिंगराज वेल्डरच्या पोरीच्या नोकरीबद्दल जितकी तोंडं तितकी मतं होती. कुणी म्हणे ती नेव्हीत आहे, कुणी म्हणे जहाजाला रंग देणाऱ्या कंपनीत आहे, आणि सेलू रोडवरचा एक टायरवाला तर छातीठोक सांगे, की ती दुबईला असते आणि घरचे लपवायलेत. वैजयंती यातलं काहीच खोडून काढत नसे. तिला ते खोडता येण्यासारखंही नव्हतं. ती अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांवर वेल्डिंग इंजिनियर होती, आणि नोकरीला लागताना तिने ज्या कागदांवर सह्या केल्या होत्या त्यांत घरी काय बोलायचं आणि काय नाही हे फार स्वच्छ लिहिलेलं होतं. आईला ती एवढंच सांगे, "जहाजाचं काम हाय माय." आणि बसम्मा शेजारणींना सांगे, "पोरगी लोखंड जोडती. बापावर गेली."

काम एका जागेचं नव्हतं. पाणबुडीचं अंग जिथं जोडायला घेतलं असेल तिथं कंपनी तिला धाडायची. सहा महिने पूर्व किनाऱ्यावर, तीन महिने गुजरातेतल्या कारखान्यात, मग पुन्हा किनारा. घराएवढ्या पोलादी कड्या एकमेकींना चिकटवून उभ्या करायच्या आणि त्यांच्यातली फट थरावर थर देत भरत आणायची. जोड झाला की माणसं लांब हटवून क्ष-किरणांनी त्याचा फोटो काढायचा. फोटोत केसाएवढी जरी काळी रेघ दिसली, तरी तेवढा जोड खरवडून पुन्हा. समुद्राच्या पोटातलं पाणी केसाएवढीच वाट शोधत असतं. वैजयंती त्या फोटोंपुढे बसायची आणि वेळ पडली तर स्वतः पोटावर सरपटत आत जाऊन वेल्डिंगचा होल्डरही धरायची.

ही विद्या मुळात घरचीच. लिंगराजने सेलू रोडला पत्र्याच्या शेडात दुकान टाकलं तेव्हा ती शाळेत होती. बापाने तिच्या हातात काळी काच दिली आणि म्हणाला, "याच्यातून बघ. उघड्या डोळ्यानं कवाच न्हाई." त्या दिवसापासून तिला ठिणगीची भीती वाटली नाही. लिंगराज माणूस जरा वेगळा होता. पक्का लिंगायत, गळ्यातल्या लिंगावर त्याचा फार भरवसा. "आपल्यात विटाळ न्हाई, सुतक न्हाई," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, "शिव गळ्यात असल्यावर भ्यायचं कुणाला?" तो वारून चार वर्षं झाली होती. दुकान आता तिचा धाकटा भाऊ मल्लेश बघत होता.

बावीस सालच्या उन्हाळ्याच्या शेवटी वैजयंतीला दिवस गेल्याचं कळलं. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी तिने साहेबाला जाऊन सांगितलं. नियमच तसा होता आणि तो तिला पटलेला होता. तिला त्याच दिवशी कड्यांच्या आतून आणि क्ष-किरणांच्या आवारातून बाहेर काढलं, टेबलाचं काम दिलं, आणि सातव्या महिन्यात ती सुट्टी टाकून माहेरी आली. नवरा मंगेश परभणीला बँकेत होता. दिवाळीला तोही पाथरीला आला आणि सोबत त्याची आई, कमलबाई.

कमलबाई दिवाळीसाठी आल्या नव्हत्या. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्याला ग्रहण लागणार होतं, त्यासाठी आल्या होत्या. घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी बसम्माला सांगून टाकलं.

"ताई, उद्या हिला एका खोलीत बसवायचं. हातात सुरी न्हाई, सुई न्हाई, कात्री न्हाई. काय मोडायचं न्हाई, काय चिरायचं न्हाई, अंगसुद्धा खाजवायचं न्हाई. लेकराच्या ओठावर येतंय. माझ्या नणंदेचं बघितलंय मी."

बसम्माने मान डोलावली. लिंगराज असता तर हसला असता. पण तो नव्हता, आणि पोरीच्या पोटात पहिलं लेकरू होतं. आईचं मन, नसतं धाडस कशाला, असं म्हणत होतं. वैजयंतीनेही वाद घातला नाही. एक दुपार पडून राहायला मिळत असेल तर मिळू दे, असा तिने विचार केला.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी, गिराण लागायला अवकाश असताना, जेवणं उरकायच्या आतच दुकानाच्या दारात ट्रॅक्टर येऊन थांबला. दुकान घराला लागूनच, मध्ये नुसता पत्रा. सुग्रीव मुकादम मल्लेशला हाका मारत होता. त्याची ऊसतोडीची टोळी उद्या पहाटेच कारखान्याकडे निघायची होती. सामान भरताना ट्रॉलीची दांडी, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायची ती पुढची लोखंडी तुळई, हुकाजवळ तडकली होती.

मल्लेश बाहेर गेला आणि हात वर करून दाखवला. आदल्या रात्री अनार पेटवताना तो हातातच फुटला होता. उजवा पंजा मनगटापर्यंत बांधलेला.

"माझा कारागीर गावाला गेलाय. मला होल्डर धरता येईना. दुसरीकडं बघा."

"सगळा बाजार फिरून आलो," सुग्रीव म्हणाला. "गिराण हाय म्हणून एकानं शटर उघडलं न्हाई. तुमी नुस्ता वरून टाका मारा, डाव्या हातानं मारा. काम भागंल."

"गिराण सुटल्यावर बघू."

"सुटल्यावर कवा? दिवस बुडाला की तुमची थ्री-फेज लाईट जाती ती सकाळीच येती. पहाटं चार ट्रॅक्टर संगं निघायलेत. आमी मागं राह्यलो तर फडावर जागा दुसऱ्या टोळीला जाती."

वैजयंती पत्र्याआडून हे ऐकत होती. ती उठून बाहेर आली. ट्रॉलीवर संसार रचलेला होता. गोधड्या, पत्रे, चुली, कोंबड्यांची खुराडी, आणि त्यांच्यावर बायका-पोरं बसलेली. ती ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला वाकली. तडा नवा नव्हता. मागच्या वर्षी कुणीतरी त्याच्यावर वरून लोखंडाचा लेप दिला होता आणि तडा त्याच्या खालून मुकाट वाढत आला होता. आता वरून आणखी एक लेप दिला असता, तर तो पहिल्या घाटापर्यंतही टिकला नसता. घाटात दांडी तुटली की ट्रॉली मागे पळते, आणि मागे दुसरा ट्रॅक्टर असतो.

"किती माणसं बसतेत हिच्यात?" तिने विचारलं.

"लेकरं धरून वीस-बावीस," वरून एक बाई म्हणाली. ती कडूबाई. कमरेवर तीन वर्षांची पोरगी घेऊन बसली होती.

"खाली उतरा सगळे. सामान राहू द्या. मल्लेश, ग्राइंडर काढ."

"आक्का!"

"रॉड भट्टीत टाक. कोरडे पाहिजेत. आणि गॅसची टाकी बघ किती हाय."

तोपर्यंत कमलबाई दारात आल्या होत्या. त्यांच्या मागे बसम्मा, बसम्माच्या मागे मंगेश.

"ही काय करायलीय?" कमलबाईंनी मंगेशला विचारलं. वैजयंतीला नाही.

"आत्याबाई, काम हाय एक. दीड-दोन तासाचं. गिराण लागायच्या आधी उरकतंय का बघते, न्हाई उरकलं तर गिराणात व्हईल."

"आगीशी खेळतीस? लोखंड कापतीस? आजच्या दिवशी?"

"आजच्याच दिवशी तुटलंय."

"मंगेश, तू बोल की काही!"

मंगेशने बायकोकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि तो म्हणाला, "वैजू, धूर वगैरे... पोटाला बरं नसंल ना?"

हा प्रश्न मात्र तिला खरा वाटला. तिने तो मनात तोलला. "धूर बरा न्हाई. बरोबर हाय तुझं. ट्रॉली बाहेर वाऱ्याच्या तोंडाला घ्या, मी वाऱ्याकडं पाठ करून बसते. मास्क हाय माझ्याकडं. मोठा पंखा लावू. वजन मी उचलणार न्हाई, तुमी उचलायचं." मग ती सासूकडे वळली. "आत्याबाई, ज्या किरणानं लेकराला धोका हाय त्या किरणापासून मी त्याच दिवशी उठून आले. कुणी सांगायच्या आधी. कोणत्या उजेडाला भ्यायचं ते मला कळतंय. ह्या सूर्याला न्हाई."

एवढं बोलून ती कामाला लागली. आधी ग्राइंडरने जुना लेप उडवला. मग तड्याची दोन्ही टोकं शोधून तिथं भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे पळणार नाही. मग तडा मुळापर्यंत खरवडून काढला, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. मल्लेश डाव्या हाताने गॅसची ज्योत धरून दांडी तापवत होता. मुकादम पाना घेऊन उभा. रस्त्यावर हळूहळू माणसं जमली. गर्भारशी बाई गिराणाच्या दिवशी वेल्डिंग करायलीय ही गोष्ट बसस्टँडपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

पहिला थर पडला तेव्हा ऊन अजून धड होतं. दुसऱ्या थराला उजेड पिवळट झाला. कमलबाई आत जाऊन बसल्या आणि त्यांनी मोठ्याने जप सुरू केला. प्रत्येक थरानंतर वैजयंती जोडावर साचलेली मळी ठोकून काढी, ब्रश मारी, वाकून बघी, पुढचा रॉड लावी. पोट मध्ये येत होतं, म्हणून ती एका पाटावर तिरकी बसली होती. बसम्मा एकदा बाहेर आली, पाण्याचा तांब्या तिच्या बाजूला ठेवला आणि काही न बोलता परत गेली. गिराणात पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात. वैजयंतीने मास्क वर करून घटाघटा पाणी प्यायलं.

थांबली त्या वेळात कडूबाई जवळ येऊन उकिडवी बसली.

"ताई, आमच्यापायी तुमी कशाला वो इशाची परीक्षा..."

"तुमच्यात पाळतेत का गिराण?"

कडूबाई हसली. "आमच्यात कोण पाळतंय? तीन वर्साखाली असंच सूर्याला गिराण लागलं व्हतं, सकाळच्या पारी. मी फडात व्हते. नववा लागलेला. हातात कोयता. बसले असते तर गाडी कुणी भरली असती?"

"मग?"

"मग ही," कडूबाईने कमरेवरच्या पोरीकडे बोट केलं. "चार दिसानं पाचटाच्या कोपीत झाली. काय झालंय तिला? शिव्या तेवढ्या लय देती."

जमलेल्या गड्यांत हशा पिकला. वैजयंतीही हसली आणि पुन्हा मास्क खाली ओढला. गिराण पाळायला सावलीची खोली लागते, बसून खायला कुणीतरी रांधणारं लागतं, हे तिच्या तोवर कधी ध्यानात आलं नव्हतं. उसाच्या फडावर किती बायकांनी किती गिराणं उभ्याने काढली असतील, याचा हिशोब कुणीच ठेवला नसेल.

शेवटचा थर पडला तेव्हा सूर्य खालून कुरतडल्यासारखा दिसत होता आणि तसाच तो मावळायला निघाला. दांडी हळूहळू थंड व्हावी म्हणून तिने तिच्यावर राख आणि गोणपाट टाकायला लावलं. "रात्रभर हात लावायचा न्हाई. पहाटं जोडा. हा जोड आता दांडीच्या बापालाही तुटत न्हाई."

त्या रात्री कमलबाई जेवल्या नाहीत. सकाळी पहिल्या जीपने त्या परभणीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "लेकरू आमच्या घरचं हाय. त्याच्या जिवावर उदार व्हायचा हक तुला कुणी दिला?" वैजयंतीने वाकून नमस्कार केला. चौथ्या दिवशी सुग्रीवचा फोन आला. टोळी सुखरूप पोचली होती.

जानेवारीच्या सुरुवातीला परभणीच्या एका दवाखान्यात तिला मुलगी झाली. आणि मुलीचा वरचा ओठ डाव्या बाजूने नाकापर्यंत दुभंगलेला होता.

कमलबाईंनी दुपटं बाजूला केलं, बघितलं, दुपटं परत ओढलं. मग भिंतीकडे तोंड करून त्या दोनच शब्द बोलल्या. "म्हणलं व्हतं."

त्यांच्या आवाजात विजय नव्हता, हे वैजयंतीला त्या अवस्थेतही कळलं. त्यांना खरंच रडू येत होतं. त्यामुळे ते शब्द जास्तच लागले. मंगेश खिडकीशी उभा राहिला. तो तिच्याकडे बघेना.

संध्याकाळी डॉक्टरीण बाई आल्या. त्यांनी बाळाचं तोंड उघडून टाळू तपासला. टाळू धड होता. "नुसता ओठ आहे," त्या म्हणाल्या. "तीन-चार महिन्यांनी वजन वाढलं की ऑपरेशन. नंतर नीट दिसेल. तोवर अंगावर ओढायला तिला जड जाईल. दूध काढून चमच्याने नाहीतर बोंडल्याने पाजा."

"बाई, हे गिराणानं होतं का?" मंगेशने विचारलं. सगळ्या खोलीच्या मनातलंच त्याने विचारलं.

"ग्रहण कधी होतं? ऑक्टोबरात? पोटातल्या बाळाचा ओठ जुळतो तो दुसऱ्या महिन्यात. ऑक्टोबर येईपर्यंत ओठाचं काय व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं होतं."

मंगेश सुटल्यासारखा स्टुलावर टेकला. पण वैजयंती मनाशी महिने मोजू लागली. दुसरा महिना. दुसऱ्या महिन्यात ती कुठं होती? दिवस गेल्याचं तिला कळलं नव्हतं, तेव्हा ती रोज कड्यांच्या आत उतरत होती. क्ष-किरणांच्या फोटोंच्या वेळी दोरीबाहेर उभी असायची, नियमाप्रमाणे, पण असायची. गिराणाला ती भ्यायली नव्हती. ह्या विचाराला मात्र ती भ्यायली.

तिने कुणालाच काही सांगितलं नाही. दोन दिवस ती बोंडल्याने थेंब थेंब दूध पाजत राहिली. दूध अर्धं फाटक्या ओठातून बाहेर यायचं, ती पुसायची, पुन्हा पाजायची. तिसऱ्या दिवशी तिने यार्डातल्या सुरक्षेच्या साहेबाला फोन लावला. तिथं प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. अंगावर किती किरण पडले ते तो बिल्ला सांगतो. साहेबाने तिचे त्या महिन्यांचे आकडे बघून परत फोन केला. "तुमचा बिल्ला कोरा आहे मॅडम. परभणीत नुसतं घरात बसलात तरी जेवढे किरण पडतात त्याच्यावर काही नाही."

तिने मंगेशला बाजूला बसवलं आणि सगळं सांगितलं. आपल्याला काय वाटलं, कुणाला फोन केला, काय उत्तर आलं.

मंगेशने बाळाचं दुपटं नीट केलं. मग म्हणाला, "मग कशानं झालं?"

"डॉक्टरीण बाई म्हणल्या, शेकड्यांनी लेकरं जन्मतात त्यात एखादं असं जन्मतं. कशानं ते कुणालाच ठाऊक न्हाई."

"तरी पण वैजू... तू ते काम सोडलंस तर? आईचं समाधान व्हईल. लोकांची तोंडं बंद व्हतील."

"काम सोडलं म्हणजे काय व्हईल, मंगेश? लोक म्हणतील, बघा, शेवटी कबूल झाली." तिचा आवाज चढला नाही, पण बाळंतिणीच्या खाटेवर ती ताठ बसली. "गिराणानं झालं न्हाई, हे मला माहीत हाय. कशानं झालं, ते मला माहीत न्हाई. आणि माहीत नसताना मी गुन्हा कबूल करणार न्हाई. तुझ्यासाठी न्हाई, आत्याबाईंसाठी न्हाई. उद्या ही पोरगी विचारील, माय, माझा ओठ कुणी फाडला? तवा मी तिला खोटं सांगू का, की मी फाडला?"

त्या रात्री मंगेशने पहिल्यांदा बोंडलं हातात घेतलं. त्याच्या हाताने बाळ जास्त शांत प्यायलं.

बातमी मात्र कुणाच्या सांगण्याची वाट बघत थांबत नाही. ती पाथरीला गेली, तिथून घाटाखालच्या उसाच्या फडावर गेली. एका दुपारी वैजयंतीला अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे कुणी नुसतंच रडत होतं.

"ताई, मी कडूबाई. ताई, आमच्या ट्रॉलीपायी झालं वो. बाया म्हणायल्यात, आपलं पाप त्या लेकराच्या तोंडावर गेलं. माझ्या घशाखाली भाकर उतरंना."

"कडूबाई, ऐका. ओठ जुळायचा तो दुसऱ्या महिन्यात जुळतो. तुमची ट्रॉली सातव्यात आली. तुमचा त्याच्याशी काही वास्ता न्हाई."

"आसं डाक्टर म्हणतेत का तुमी?"

"डाक्टर म्हणतेत. आणि तुमी नववा असताना कोयता चालवलात, तवा काय झालं तुमच्या पोरीला?"

कडूबाई नाक ओढत थांबली. "काय न्हाई झालं."

"मग तुमच्या पोरीच्या वेळी गिराण आंधळं व्हतं, आणि माझ्या पोरीच्या वेळी त्याला डोळे फुटले? बायांना सांगा, भाकरी खा. आणि परत असं कुणी म्हणलं तर माझ्याशी बोलायला लावा."

बारशाचा विषय निघाला तेव्हा कमलबाई पाथरीला आल्या. त्यांचं म्हणणं असं, की ऑपरेशन होईपर्यंत बारसं नको. करायचंच तर घरच्या घरी, आणि बाळाचं तोंड दुपट्यात ठेवायचं. "पोरीची जात हाय. लोकांच्या ध्यानात राहतंय. उद्या लग्नाच्या वेळी उकरून काढतेत."

"बारसं पाथरीत होईल, अंगणात होईल, आणि तोंड उघडं ठेवून होईल," वैजयंती म्हणाली.

"तुझा हट्ट पोरीला भोगावा लागंल."

"झाकून ठेवलं तर भोगावं लागंल, आत्याबाई. लपवलं की लोक समजतेत, काहीतरी केलेलं असणार."

बसम्मा इतके दिवस मध्ये बोलली नव्हती. पोरीला त्या दिवशी खोलीत कोंडलं असतं तर, हा विचार तिनेही एकटीने पुष्कळदा गिळला होता. पण आता ती म्हणाली, "बारसं माझ्या अंगणात हाय. मी आवतनं देऊन आले. सगळ्या गल्लीला दिली."

सगळी गल्ली आली. काही नाव ठेवायला, बऱ्याच जणी बघायला. जंगम स्वामी आले. त्यांनी बाळाच्या ओठाकडे बघितलं न बघितलं, रेशमी कापडात गुंडाळलेलं छोटंसं लिंग तिच्या गळ्यात बांधलं आणि मोठ्याने विचारलं, "नाव काय ठेवायचं?"

"महेश्वरी," वैजयंतीने सांगितलं.

पाळण्याभोवती बायका गोळा झाल्या. गाणं सुरू व्हायला हवं होतं, पण कुणाच्या तोंडून ते निघेना. सगळ्यांचे डोळे एकाच जागी. शेवटी चौकातली एक म्हातारी, जिला कुणाची भीड नसे, ती वाकून म्हणाली, "वैजे, गिराणात काय चिरलं व्हतंस गं?"

"चिरलं न्हाई मावशी. जोडलं." अंगणभर ऐकू जाईल असं ती बोलली. "वीस-बावीस माणसं बसायची अशी तुटकी दांडी जोडली. सगळे जिवंत हायेत. कुणाला आणखी काय विचारायचं असंल तर आत्ता विचारा, माझ्यासमोर. उद्या पिठाच्या गिरणीवर न्हाई."

बायका पाळण्याची झालर सारखी करू लागल्या. कमलबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, रागाने की लाजेने ते कळायला मार्ग नव्हता. मग त्या एकाएकी उठल्या, पाळण्याची दोरी धरली, आणि घोगऱ्या आवाजात पाळणा म्हणू लागल्या. बाकीच्या बायकांनी मागून सूर धरला. सून बरोबर आहे असं त्यांना वाटलं होतं, असं नाही. ते त्यांनी पुढेही कधी कबूल केलं नाही. पण आपल्या नातीचं बारसं मुकं जावं, हे त्यांना सोसलं नाही.

एप्रिलात ऑपरेशन झालं. टाके निघाले तेव्हा ओठावर एक लालसर रेघ राहिली. ती पुढे फिकट होत जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं. महेश्वरी पहिल्यांदा पूर्ण ओठांनी हसली ते मंगेशकडे बघून. त्याने त्या हसण्याचे इतके फोटो काढले, की त्याच्या फोनमध्ये जागा उरली नाही.

जुलैत सुट्टी संपत आली. साहेबाचा फोन आला. आता लेकरू लहान आहे, तर ऑफिसात टेबलाचं काम घ्या, फिरणं नको, आत उतरणं नको, असं तो चांगल्या मनानेच म्हणाला. वैजयंतीने त्याचे आभार मानले आणि सांगितलं, "सर, दूध पाजतेय तोवर नियम सांगतील तेवढं बाहेर राहीन. त्याच्यापुढं एक दिवसही न्हाई. मला कड्यांच्या आतच यायचंय. माझी जागा दुसऱ्याला देऊ नका."

मंगेशने बदलीचा अर्ज केला होता, पण ती मिळायला वेळ होता. निघायच्या आदल्या दिवशी कमलबाई परभणीहून बाळासाठी टोपडी आणि बाळगुटीची डबी घेऊन आल्या आणि शेवटचा डाव टाकावा तसं बोलल्या.

"पोरगी माझ्याजवळ ठेव. मी बघते. तू जा तुझ्या लोखंडाकडं. तिथं परक्या मुलखात कोण बघणार तिला?"

"मी," बसम्मा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. बसम्मा उभ्या आयुष्यात कपिलधारच्या यात्रेपलीकडे गेली नव्हती. समुद्र तिने पाहिलेला नव्हता, आणि तिथली भाषा तिला एक अक्षर येत नव्हती.

"तुमी ताई?" कमलबाई म्हणाल्या. "ह्या वयात?"

"ह्या वयात. नवऱ्यानं शिकवलेली पोरगी हाय ती. घरात बसवायला शिकवली नव्हती." आणि तिने पत्र्याच्या पेटीत लुगडी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात आली. नांदेडला जाऊन पुढची गाडी धरायची होती. मल्लेशने पेटी टपावर बांधली. त्याचा हात आता बरा झाला होता. बसम्माने घराची किल्ली त्याच्या बायकोच्या हातात दिली, उंबऱ्याला हात लावला आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. वैजयंतीने महेश्वरीला तिच्या मांडीवर दिलं.

"माय, कवा यायलीस परत?" मल्लेशने खिडकीशी वाकून विचारलं.

"तुझ्या आक्काचं तिथलं काम संपलं की."

"आन् आक्काचं काम कवा संपतंय?"

"ते तिला इचार," बसम्मा म्हणाली, आणि ड्रायव्हरला जीप काढायला सांगितली.